टी-शर्टच्या लेबलावरून जागतिक नागरिकत्व कसं शिकवाल?

जागतिक नागरिकत्वाचा तास मुलांच्या कपड्यांपासून सुरू करा. आदल्या दिवशी सांगून ठेवा : घरातल्या एका तयार टी-शर्टचं आतलं लेबल वहीत उतरवून आणा, कापूस किती टक्के आणि शिवला कुठे. मी यवतमाळ जिल्ह्यात नववी-दहावीला भूगोल शिकवतो, इथल्या बहुतेक घरांत कापूस आहे. तुमच्याकडे ऊस किंवा कांदा असेल तर तिथून निघा.

स्मार्ट टीव्ही किंवा प्रोजेक्टर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट एवढ्यावर भागतं. नेटचा भरवसा नसतो, तेव्हा लागणारे नकाशे स्क्रीनशॉट काढून आधीच ठेवा.

गूगल अर्थ उघडून आपल्या शाळेच्या छतावरून निघा. शिवार, जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना), बाजार समितीचं आवार मुलांनाच शोधू द्या. यात वेळ जातो, जाऊ द्या. मग बांगलादेशात, ढाक्याजवळच्या सावरला या. २४ एप्रिल २०१३ रोजी इथली राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली आणि ११००हून जास्त माणसं गेली, बहुतेक शिलाई कामगार. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. इमारतीतली बँक आणि दुकानं बंद झाली, शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. हे एवढंच सांगा आणि थांबा. ढिगाऱ्याचे, मृतदेहांचे फोटो या वयाच्या मुलांना दाखवू नका.

भारतातून कापूस आणि सूत बांगलादेशात जातं, हे सांगा. पण आपल्याच गावचा कापूस त्या शर्टात होता असं म्हणू नका. ते आपल्याला सिद्ध करता येत नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायचं नाही हाही याच तासाचा धडा आहे. पुरावा कसा शोधायचा हे 'ओपन सप्लाय हब'वर दाखवा. हा जगभरातल्या कारखान्यांचा मोफत नकाशा आहे. ब्रँडचं नाव टाकलं की त्याच्याशी जोडलेले कारखाने दिसतात. काही ब्रँडची माहिती सापडणार नाही. कोणाची सापडली आणि कोणाची नाही, याचे दोन रकाने फळ्यावर करा.

आता खरा तास. मुलं चिडलेली असतात आणि कोणीतरी म्हणतंच, "सर, मग हे कपडे घ्यायचेच नाहीत." लगेच मान डोलावू नका. गट पाडा : एक गट शिलाई करणारी बाई, एक कारखानदार, एक ब्रँड, एक गिऱ्हाईक. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली तर त्या बाईच्या चुलीचं काय, हे बाईच्या गटाला बोलू द्या. आमच्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "माझ्या आईची वेचणी किलोवर मोजतात, तिकडे तासाला किती नग शिवले ते मोजतात." त्यानंतर वर्गात बांगलादेशी बायकांना कोणी 'बिचाऱ्या' म्हटलं नाही. मला या विषयातून नेमकं हेच हवं असतं. दया आली की विषय तिथेच संपतो. आपली आई आणि ती बाई एकाच कामाच्या दोन टोकांना आहेत हे दिसलं की मुलं हक्कांबद्दल विचारू लागतात. मग सांगा की त्या दुर्घटनेनंतर २०१३मध्येच कामगार संघटना आणि अनेक ब्रँड यांच्यात आग आणि इमारत सुरक्षेचा बंधनकारक करार झाला. 'बंधनकारक' का लागलं, यावर मुलांनाच बोलतं करा.

वेळ उरला तर गूगल अर्थ टाइमलॅप्सवर १९८४पासूनचा मध्य आशियातला अरल समुद्र दाखवा. कापसाच्या शेतीसाठी नद्यांचं पाणी वळवलं आणि समुद्र आटला. कालव्याच्या पाण्यावरून होणारी भांडणं माहीत असलेल्या मुलांना फार समजवावं लागत नाही.

शेवटचं काम पत्राचं. ज्या ब्रँडची माहिती मिळाली नाही, त्याला शाळेच्या ईमेलवरून इंग्रजीत चार ओळी लिहायच्या : हा टी-शर्ट कोणत्या कारखान्यात शिवला? लेबलाचा फोटो जोडा, मुलांची नावं आणि फोटो अजिबात देऊ नका. मसुदा आधी मराठीत लिहून घ्या, भाषांतराचं साधन वापरलं तर प्रत्येक ओळ इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र मुलांनीच पाठवायचं.