नुसत्या टेक्स्ट कन्सोलवर पीडीएफ आणि वर्डच्या फाइल्स कशा वाचाव्यात

आधी एक ठरवा: फक्त मजकूर हवा आहे, की पान जसंच्या तसं दिसायला हवं? बहुतेक वेळा मजकुरावर भागतं, आणि ते काम लिनक्सच्या कन्सोलवर (खिडक्या-माऊस नसलेल्या, फक्त अक्षरांच्या पडद्यावर) खरंच सोपं आहे. (खालच्या आज्ञा देवनागरीत आहेत, टाइप मात्र रोमन लहान अक्षरांत करायच्या.)

१. फाइल ओळखा. ‘फाइल’ ही आज्ञा आत डोकावून प्रकार सांगते. नावाच्या शेपटावर विसंबू नका.

२. साध्या मजकुरासाठी ‘लेस’ पुरे. स्लॅश देऊन शब्द शोधा, ‘एन’ने पुढच्या ठिकाणी जा, ‘क्यू’ने बाहेर पडा. ‘कॅट’ने लांब फाइल उघडलीत, तर सुरुवात वर निघून जाते.

३. पीडीएफसाठी ‘पॉपलर-युटिल्स’ हे पॅकेज घ्या. मग:

पीडीएफटूटेक्स्ट -लेआउट अहवाल.पीडीएफ - | लेस

शेवटचा सुटा हायफन विसरू नका. तो नसेल तर मजकूर पडद्यावर न येता शेजारी नव्या फाइलमध्ये जातो. ‘लेआउट’मुळे तक्त्यांचे रकाने जागेवर राहतात. पण दोन स्तंभांच्या लेखात दोन्ही स्तंभांच्या ओळी शेजारी शेजारी छापल्या जातात आणि वाचताना गोंधळ उडतो, तिथे तो पर्याय काढून टाका.

काहीच उमटलं नाही तर फाइलमधल्या फॉन्ट्सची यादी देणारी ‘पीडीएफफॉन्ट्स’ चालवून बघा. यादी रिकामी असेल तर ती बहुधा स्कॅन केलेली पानं आहेत, म्हणजे निव्वळ चित्रं. ‘पीडीएफटूपीपीएम -आर ३०० -पीएनजी’ने पानांच्या प्रतिमा काढा (‘आर’ म्हणजे रिझोल्यूशन) आणि ‘टेसेरॅक्ट’ या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून मजकूर काढून घ्या. मराठीसाठी ‘मार’ हा भाषासंच वेगळा बसवावा लागतो. निकाल शंभर टक्के बरोबर येईल अशी अपेक्षा ठेवू नका, आकडे तर मूळ पानाशी ताडूनच पाहा.

४. वर्डच्या जुन्या ‘डॉक’ फाइलला ‘अँटीवर्ड’, नव्या ‘डॉकएक्स’ला आणि ‘ओडीटी’ला ‘पॅनडॉक -टी प्लेन’. लिबरऑफिस असेल तर ते ‘हेडलेस’ पद्धतीने डेस्कटॉपशिवायही फाइलची पीडीएफ करून देतं.

५. पानच बघायचं असेल, तर वरीलप्रमाणेच प्रतिमा काढा (१०० रिझोल्यूशन पुरतं) आणि ‘एफबीआय’ने उघडा. नावावर जाऊ नका, तो फ्रेमबफरवर, म्हणजे यंत्राच्या पडद्याच्या चित्र-स्मृतीत थेट, चित्र दाखवणारा छोटा प्रोग्राम आहे. परवानगी नाकारली गेली तर तुमचं खातं ‘व्हिडिओ’ गटात आहे का ते तपासा. हे सगळं त्या यंत्रासमोर बसलेल्यासाठी. एसएसएचवरून (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राशी) जोडलेले असाल तर हा मार्ग बंद, कारण फ्रेमबफर पलीकडच्या यंत्राचा असतो. तेव्हा फाइल ‘एससीपी’ या नेटवर्कवरून प्रत काढणाऱ्या आज्ञेने स्वतःकडे ओढून घेणंच शहाणपणाचं.

मराठी मजकुराचं गणित चित्रांच्या बरोबर उलटं आहे: तो एसएसएचवर दिसतो, थेट कन्सोलवर नाही. लिनक्स कर्नलच्या कन्सोल फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोयच नाही. म्हणून तिथे देवनागरीऐवजी चौकोन दिसतात. एसएसएचवर अक्षरं काढतो तो तुमच्याकडचा टर्मिनल, त्यामुळे त्याला देवनागरी नीट जमत असेल आणि लोकेल (भाषा व अक्षरसंचाची मांडणी) यूटीएफ-८ असेल तर मजकूर वाचता येतो. थेट कन्सोलवरच बसला असाल तर मराठी पीडीएफसाठी पाचव्या पायरीवर जा.