बागेचा विषय नगरपरिषदेच्या सभेपुढे कसा न्यावा

छोट्या शहरातील बागेची दुर्दशा सहसा पैशाच्या अभावाने सुरू होत नाही. पैसा येतो, फीत कापली जाते, कोनशिला बसते. मात्र घसरगुंडीचा पत्रा कडेने उसवला तर तो कोणी आणि कोणत्या खर्चातून बसवायचा, याची नोंद कुठल्याही कागदावर नसते. आमच्या प्रभागातील बागेत पाच झोपाळ्यांपैकी दोनच साखळ्यांवर उरले होते आणि बाकीच्या तीन रिकाम्या चौकटी मुले गोलपोस्ट म्हणून वापरत. त्यावर आम्ही भरपूर सह्या गोळा करून ‘बागेची दुरुस्ती व्हावी’ असा एक ओळीचा अर्ज दिला आणि आठ महिने वाट पाहिली. तो अर्ज फेटाळला गेला नाही, कारण तो कोणी विचारातच घेतला नव्हता. त्यात मागणी होती, विषय नव्हता. नगरपरिषद निर्णय घेते तो विषयपत्रिकेवरील विषयावर, आणि विषय तयार होतो तो जागा, काम, खर्च व लेखाशीर्ष (म्हणजे अर्थसंकल्पातील ज्या सदराखालून पैसा खर्च होणार ते) या चार गोष्टी कागदावर आल्यावर. पुढील मार्गदर्शन बाग, क्रीडांगण, खुली व्यायामशाळा, वाचनालय किंवा स्मशानभूमीची शेड अशा सुविधांच्या दुरुस्तीसाठी आहे; नळ फुटणे किंवा पथदिवा बंद पडणे यांसाठी सभेची गरज नसते, त्यासाठी संबंधित विभागात लेखी तक्रार देऊन पोच घेणे पुरेसे असते.

पहिले काम म्हणजे जागा कोणाची आहे हे पाहणे. हे वाचायला कंटाळवाणे वाटेल, परंतु निम्मे अर्ज येथेच अडतात, असा माझा अनुभव आहे. नगरभूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका आणि इतरत्र सातबारा काढून मालक म्हणून कोणाचे नाव लागले आहे ते तपासावे. जुनी बाग बहुधा नगरपरिषदेच्या नावे असते. अडचण नव्या वसाहतींमध्ये येते. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या अभिन्यासात (भूखंड पाडण्याच्या मंजूर आराखड्यात) १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी खुले ठेवावे लागते. त्या खुल्या जागेवर रहिवासी हौसेने झाडे लावतात, बाके ठेवतात आणि तिला ‘नगरपरिषदेची बाग’ म्हणू लागतात; कागदावर मात्र ती जागा विकासकाच्या किंवा भूखंडधारकांच्या नावे असते. अशा जागेवर नगरपरिषदेचा पैसा खर्च झाला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, म्हणून अधिकारी त्या फाइलला हात लावत नाहीत आणि कारणही स्पष्ट सांगत नाहीत. जागा हस्तांतरित झालेली नसेल तर दुरुस्तीचा अर्ज बाजूला ठेवून आधी हस्तांतरणाचा अर्ज द्यावा. जागा विकास योजनेत आरक्षित असेल तर नगररचना विभागाकडून आरक्षणाचा क्रमांक आणि भूसंपादनाची स्थिती लेखी मागावी.

त्यानंतर पैशाचा प्रश्न येतो. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हा विषय नागरी संस्थांकडे सोपवलेला आहे. परंतु ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ यातील कलम ४९ आवश्यक कर्तव्ये आणि ऐच्छिक कर्तव्ये असा भेद करते, आणि दिवाबत्ती व सफाई आवश्यक गटात येत असताना बागा व ग्रंथालये ऐच्छिक गटात येतात. या भेदाचा व्यवहारातील अर्थ असा की वसुली कमी झाली, वीजबिल थकले किंवा वेतनाचा बोजा वाढला की कात्री सर्वप्रथम बागेच्या तरतुदीला लागते. म्हणून अर्ज कितीही कळकळीने लिहिला तरी अर्थसंकल्पात ‘उद्यान देखभाल व दुरुस्ती’ या शीर्षाखाली रक्कम आहे का, हे आधी पाहावे. ती नसेल किंवा नाममात्र असेल तर तरतूद वाढवण्याची मागणीही त्याच अर्जात करावी. अर्थसंकल्पाची विशेष सभा सर्वसाधारणपणे फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत होते आणि विभागांकडून आकडे त्याआधीच मागवले जातात; त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिलेला अर्ज उपयोगी पडतो आणि मार्चमध्ये दिलेला वर्षभर पडून राहतो.

बाहेरून येणारा निधी मागतानाही थोडे तारतम्य हवे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानात छोट्या शहरांसाठी ६० टक्के वाटा पाणीपुरवठा आणि स्वच्छतेला बांधलेला होता. अशा बंधित रकमेतून झोपाळे मागणे व्यर्थ असते. राज्य शासनाची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन समिती किंवा आमदार निधी यांतून नवे काम होऊ शकते. पण या वाटांचा कल नव्या बांधकामाकडे असतो. माळ्याचे वेतन, पाण्याच्या मोटारीचे वीजबिल आणि दरवर्षीची रंगरंगोटी नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच भागवावी लागते. त्यामुळे नवे कारंजे मागण्यापूर्वी जुन्या कारंजाची मोटार का बंद आहे ते विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्याकडे कारंजाच्या कोरड्या हौदात पालापाचोळा आणि गुटख्याच्या पुड्या साचत होत्या, आणि त्याच वेळी दुसऱ्या चौकात नव्या कारंजाचे भूमिपूजन झाले.

आता प्रत्यक्ष अर्ज. तो मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहावा आणि प्रती नगराध्यक्ष व आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना द्याव्यात. नगरपरिषदेच्या प्रभागातून सहसा दोन सदस्य निवडून येतात, तेव्हा दोघांनाही द्याव्यात, अन्यथा एकाचा विषय म्हणून दुसरा गप्प बसतो. मजकुरात विशेषणे टाळावीत. आमच्या दुसऱ्या अर्जातील एक परिच्छेद साधारण असा होता: ‘बागेच्या पूर्व बाजूच्या घसरगुंडीचा पत्रा खालच्या टोकापासून सुमारे दीड फूट उसवलेला असून त्याची कड बाहेर आली आहे. तीन झोपाळ्यांच्या साखळ्या नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही. सायंकाळी सातनंतर चारपैकी एकच दिवा लागतो. तरी सदर कामांचे अंदाजपत्रक बांधकाम व विद्युत विभागांकडून तयार करून घेऊन विषय पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात यावा, तसेच वार्षिक देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात यावी.’ सोबत प्रत्येक दोषाचे तारखेसह छायाचित्र आणि हाताने काढलेला साधा नकाशा जोडला होता. कनिष्ठ अभियंत्याला तो नकाशा घेऊन थेट जागेवर जाता आले, आणि अंदाजपत्रक होण्यास जो उशीर लागतो तो बराचसा तेथेच वाचला. अर्ज आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ या आश्वासनाला आवक क्रमांक नसतो.

अर्ज विषयपत्रिकेवर येण्याचे दोन मार्ग आहेत. एक, विभागाने टिपणी (विषयाची माहिती देणारे कार्यालयीन टिपण) तयार करून मुख्याधिकाऱ्यांमार्फत विषय ठेवणे. दुसरा, नगरसेवकाने लेखी सूचना देऊन तो घ्यायला लावणे. जेथे विषय समित्या आहेत तेथे बागेच्या बांधकामाचा विषय सार्वजनिक बांधकाम समितीकडे आणि क्रीडांगणाचा बहुधा शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समितीकडे जातो. त्या समितीच्या सभापतींना भेटणे नगराध्यक्षांना भेटण्याइतकेच उपयुक्त असते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर राज्यातील अनेक शहरांत प्रशासकाच्या जागी लोकनियुक्त सभागृह पुन्हा आले आहे. प्रशासकाच्या काळात एकाच व्यक्तीपुढे फाइल ठेवून काम होत असे. आता चर्चा, सूचक, अनुमोदक आणि मतदान हा सारा क्रम परत आला आहे, हे जुन्या सवयीने विसरू नये.

सर्वसाधारण सभेची सूचना सदस्यांना पूर्ण सात दिवस आणि विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी दिली जाते. त्या सूचनेसोबत विषयपत्रिका असते. ती सूचना फलकावर किंवा नगरसेवकाकडे पाहून आपला विषय कोणत्या क्रमांकावर आहे ते बघावे, कारण पंचविसाव्या क्रमांकावरील विषय सभेच्या अखेरीस घाईत उरकला जातो किंवा पुढच्या सभेवर ढकलला जातो. विषय पत्रिकेत नसेल तर काही नगरसेवक ‘ऐनवेळच्या विषयात घेतो’ असे सांगतात. शक्यतो त्यास तयार होऊ नये. ऐनवेळच्या विषयाला टिपणी नसते, अंदाजपत्रक नसते, आणि पुढे कोणी हरकत घेतली तर ठरावाचा पाया कच्चा ठरतो.

सर्वाधिक लक्ष ठरावाच्या शब्दांकडे द्यावे. ‘विषयावर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ या वाक्याने कोणावरही कसलेही बंधन येत नाही. उपयोगी ठरावात कोणते काम, किती रकमेपर्यंत, कोणत्या लेखाशीर्षातून, कोणत्या अधिकाऱ्याने, किती मुदतीत आणि नंतरची देखभाल कोणाकडे, हे सर्व लिहिलेले असते. नगरसेवकांना असा मसुदा आधीच टंकलिखित करून द्यावा. सभेच्या गडबडीत तयार वाक्य हाती असले की ते बहुधा जसेच्या तसे स्वीकारले जाते. पुढील सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय असतो, आणि ठरावाचे शब्द बदलले असतील तर नगरसेवकाने हरकत नोंदवण्याची हीच वेळ असते.

इतिवृत्ताची प्रत सहज मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. त्याहून सोपा उपाय पुष्कळांना ठाऊक नसतो: राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. मी स्वतः आमच्या बागेची फाइल अशाच एका सोमवारी पाहिली. तिच्यात आमच्या पहिल्या अर्जावर ‘दप्तरी दाखल’, म्हणजे कोणतीही कार्यवाही न करता कागद बंद, असा दोन शब्दांचा शेरा होता.

ठराव झाला म्हणजे काम झाले असे नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, करारनामा आणि कार्यादेश असा क्रम लागतो, आणि महिन्यातून एकदा बांधकाम विभागात जाऊन फाइल कोणत्या टेबलावर आहे हे शांतपणे विचारणे एवढेच आपल्या हाती असते. ठराव बेकायदेशीर किंवा सार्वजनिक हिताला बाधक वाटल्यास १९६५ च्या त्याच अधिनियमातील कलम ३०८ अन्वये जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. बागेच्या दुरुस्तीला हे क्वचितच लागू पडते, परंतु बागेच्या कडेला दुकानगाळे काढण्याचा ठराव झाल्यास नागरिकांसाठी हीच दाद मागण्याची जागा आहे.

कार्यादेश निघाल्यावर त्याची प्रत मागून त्यातील दोषदायित्व कालावधी पाहून ठेवावा. या कालावधीत साखळी तुटली, फरशी उखडली किंवा रंगाचे पापुद्रे निघाले तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते आणि त्यासाठीच त्याची सुरक्षा अनामत नगरपरिषदेकडे अडकलेली असते. ती परत देण्याची वेळ येते तेव्हा बागेत काय मोडले आहे हे कोणी लेखी कळवले नसेल, तर रक्कम विनातक्रार परत जाते आणि पुढची साखळी पुन्हा नगरपरिषदेच्या पैशातून येते. म्हणून कालावधी संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि त्या दिवशी सकाळी बागेत जाऊन प्रत्येक झोपाळ्यावर स्वतः बसून पाहावे.