प्रार्थना सुचत नाही तेव्हा

माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. आधी दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मग एका पहाटे सगळं संपलं. आम्ही नगरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेले. सायंप्रार्थना चुकली तर सासूबाईंना जेवण गोड लागत नसे. पण मी डोळे मिटले की त्या मशीनचाच आवाज यायचा. चार महिने प्रार्थनेचा एक शब्द निघाला नाही. तुमचं असंच झालं असेल, तर मला ज्याचा उपयोग झाला ते सांगते.

आधी जेवा आणि झोपा. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, पहिले राजे हे पुस्तक, अध्याय १९ काढा. एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडलाय. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत परत येऊन परत खायला घालतो. देवाशी बोलणं त्यानंतर. शेजारच्या काकू महिनाभर डबा द्यायच्या, तेव्हा मला हा अध्याय नव्याने कळला. झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाच. गोळी घेतली म्हणजे विश्वास सुटला असं होत नाही. मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीही लागतो.

मग देवाकडे तक्रार करा. स्वतःचे शब्द नसतील तर स्तोत्रसंहितेतले, शास्त्रातल्या स्तोत्रांच्या पुस्तकातले, उसने घ्या. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे आणि सुरुवातीलाच विचारतं, देवा, किती काळ? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलेलं नाही. मला याचा फार आधार वाटला.

मी शिवणकाम करते. मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर रोज दुकान बंद करताना एक ओळ लिहायला लागले. "आज काज करताना सुई बोटात गेली. तुझा राग आला." अशाच ओळी कितीतरी दिवस. पुढे कुठेतरी, "मुलाने न सांगता चहा केला." लिहिताना काही बदलतंय असं मुळीच वाटलं नव्हतं. मागची पानं चाळली तेव्हा दिसलं. म्हणून तारीख घाला आणि लगेच वाचू नका, दोन-तीन महिने जाऊ द्या.

उपासनेला जा, पण शेवटच्या बाकावर बसलात तरी चालेल. गाता येत नसेल तर गाऊ नका, मंडळी तुमच्या वाटचं गाते. मला तिथेच एकीने ऐकवलं, "विश्वास कमी पडला तुमचा." घरी येऊन ताटावरून उठले होते. आज तिला सांगेन, मित्र लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशू स्वतः रडला. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा राहिलाच. "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हेही लोक ऐकवतात. नीट वाचा: स्थितीत म्हटलंय, स्थितीबद्दल नाही. नवरा गेल्याबद्दल मी देवाचे आभार मानलेले नाहीत. त्या दिवसांत डबा आला, त्याबद्दल मानते.

आणि घाई करू नका. दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये गेले की मला त्यांच्या आयुष्यातली सालं आठवतात. दुष्काळात आई-वडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. विधवांसाठी शारदा सदन उघडलं ते १८८९ मध्ये. मधे सात वर्षं आहेत. आपण सात महिन्यांत सावरावं असं लोकांना वाटतं.

थोडं बळ आलं की दुसऱ्या कुणाकडे जा. मी बुधवारी एका ताईकडे जाते, तिचा मुलगा गेलाय. पिठलं-भाकरी नेते, शास्त्र पिशवीतच ठेवते. गेल्या बुधवारी तीच म्हणाली, "वाच ना काहीतरी." मी तेरावं काढलं. दुसऱ्या वचनालाच तिचा डोळा लागला. अंगावर पांघरूण घातलं, भाकरी झाकून ठेवली आणि दार ओढून घेतलं.