'कुठलंही टाका ओ काका' : कॉलेज निवडताना या चुका टाळा

सोलापुरात विजापूर रोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सोळा उन्हाळे झाले. बारावीचा निकाल लागला की दुकानात एकच वाक्य दिवसातून वीसदा कानावर पडतं, "कुठलंही टाका ओ काका, नंतर बघू."

काय शिकायचं हे सतराव्या वर्षी ठरलेलं नसणं ही चूक नाही. माझं स्वतःचं बत्तिसाव्या वर्षापर्यंत ठरलं नव्हतं. माझा राग वेगळाच आहे. ज्याचं ठरलंय ते पोरगं चार कॉलेजं हिंडून येतं, आणि ज्याचं काहीच ठरलेलं नाही ते पाच मिनिटांत फॉर्म भरून टमटम पकडतं. खरं तर हिंडायची गरज या दुसऱ्यालाच जास्त असते.

ठरलेलं नसताना 'एन्टायर' घेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नवं शैक्षणिक धोरण यायच्या आधीची गोष्ट सांगतो. नीलम नगरचा एक पोरगा आला होता. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. गणितात मार्क चांगले. मी विचारलं, काय घ्यायचंय? "मित्र ईसीएसला चाललाय, मीबी तेच." ईसीएस म्हणजे बी.एस्सी. एन्टायर कॉम्प्युटर सायन्स. सोलापुरात ही तीन अक्षरं माहीत नाहीत असं घर सापडायचं नाही.

कोर्स वाईट नाही. ज्याला कॉम्प्युटरच करायचंय त्याने जरूर घ्यावा. पण 'एन्टायर' या शब्दाचा अर्थ कोणी पोरांना सांगत नाही. पहिल्या दिवसापासून सगळं कॉम्प्युटर, आणि जे थोडं गणित-संख्याशास्त्र असतं तेही कॉम्प्युटरच्या पोटातलं. साध्या बी.एस्सी.ला मात्र सुरुवातीला तीन-चार विषय असायचे, वर्षागणिक गळत जाऊन शेवटी एक उरायचा. म्हणजे ज्याचं ठरलं नाही त्याला चाखून बघायला वर्षभर मिळायचं.

मी हे बोललो. बापाने मान हलवली, पोराने मोबाईल बघितला. फॉर्म भरला. मीही भरून दिला, कारण मागं रांग होती. ही चूक माझी.

दिवाळीला तो परत आला. प्रोग्रॅमिंग डोक्यावरून जातंय, संख्याशास्त्राचा तास मात्र आवडतो, त्यातच पुढं जायचंय म्हणाला. त्याच्या कॉलेजात संख्याशास्त्राची पदवीच नव्हती. दुसऱ्या कॉलेजात होती, पण तिथली पहिली सत्र परीक्षा तोंडावर आली होती. शेवटी पुढच्या जूनमध्ये त्याने नव्याने पहिलं वर्ष घेतलं. वर्ष गेलं आणि विनाअनुदानित कोर्सची फीही गेली. त्या फीचे हप्ते आईच्या विड्यांच्या पैशातून भरले होते. मला वही दाखवली होती तिने, आठवड्याच्या मजुरीचा हिशोब होता त्यात.

तेव्हापासून माझ्याकडे एक सवय आहे. बिघडलेल्या झेरॉक्सचा कागद उलटा करून पोरासमोर ठेवतो आणि म्हणतो, जे विषय अजिबात नको ते लिही. हवे ते विचारलं की पोरं गप्प बसतात, नको ते मात्र भराभर लिहितात. उरलेल्यांत दोन-तीन विषय राहतात. मग एकच काम, ते दोन-तीनही विषय एकाच छपराखाली, शेवटच्या वर्षापर्यंत, कुठल्या कॉलेजात आहेत ते शोधायचं. 'शेवटच्या वर्षापर्यंत' हे शब्द अधोरेखित करून देतो. पहिल्या वर्षाला विषय असतो आणि तिसऱ्या वर्षाला त्याची तुकडीच नसते, असं खूप ठिकाणी आहे.

नव्या धोरणात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय) असे शब्द आलेत. पोरांना वाटतं, आता काय, काहीही बदलता येतं. काहीही नाही बदलता येत. कॉलेजात जे विषय शिकवायला माणूस आहे त्यांतूनच निवडायचं असतं. मेजर कधी पक्का करायचा, पहिल्या वर्षाच्या कुठल्या विषयांतून करायचा, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात तोंडी नाही, माहितीपुस्तकात बोट ठेवून विचारा.

'युनिव्हर्सिटी एकच आहे की, मग कॉलेज कुठलंही'

पदवीवर विद्यापीठाचं नाव एकच येतं, हे खरं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं, त्याआधी आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होतो, आणि एका जिल्ह्यापुरतं असल्यामुळे सगळी कॉलेजं सारखीच असा समज झालाय. पण संगमेश्वर, वालचंद कला-शास्त्र यांसारखी कॉलेजं स्वायत्त आहेत. तिथला अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी विद्यापीठाची. ज्याचं ठरलेलं नाही त्याला याने काय फरक पडतो? मध्येच कॉलेज बदलायचं झालं तर इथला पेपर तिथं बसतो का, हे तपासत बसावं लागतं. कधी बसतो, कधी जादा विषय द्यावा लागतो. बदलाबदलीची शक्यता वाटत असेल तर आधीच विचारून ठेवा.

आणि केगावला विद्यापीठाच्या आवारातच ॲडमिशन पाहिजे म्हणणाऱ्यांनो, तिथं प्रामुख्याने एम.ए., एम.एस्सी.चे वर्ग आहेत. बारावीचा निकाल घेऊन तिथपर्यंत पेट्रोल जाळू नका.

नाव बघून बटण दाबणं

इंजिनिअरिंगचं ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीच्या क्रमाने कॉलेजांची यादी, भरणं हा तर स्वतंत्र तमाशा. वालचंद म्हटलं की सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी डोळ्यापुढं येतं, पण वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग सांगलीला आहे. सिंहगड केगावलाही आहे, पंढरपूरजवळ कोर्टीलाही आहे, पुण्यात तर आहेतच.

एका पोराने घरीच, रात्री साडेअकराला, मोबाईलवर यादी भरली. 'सोपंय की, काका कशाला पैसे घेतात' असं त्याच्या दाजींचं मत. घरापासून दहा मिनिटांवरचं कॉलेज पहिलं टाकायचं होतं, टाकलं ते सत्तर किलोमीटरवरचं. पहिल्या फेरीत तेच लागलं. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की ती आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत उभं राहता येत नाही. २०२५ पासून तर नियम आणखी कडक झाला. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही लागलं तरी फ्रीझ. म्हणजे वरच्या सहा ओळींत 'असू दे, भरायला काय जातं' असं एकही नाव चालत नाही.

तो पोरगा पहिलं वर्ष रोज एसटीने जाऊन आला. पहाटे निघायचा. दाजींचं नाव अजूनही त्यांच्या घरात काढत नाहीत.

माझी पद्धत जुनाट आहे. यादी आधी कागदावर, हाताने, चॉईस कोड (कॉलेज-शाखेचा नंबर) आणि गावाच्या नावासकट. एक रात्र घरात ठेवायची. सकाळी आईला मोठ्याने वाचून दाखवायची. तिने "हे कुठंय रे?" विचारल्यावर उत्तर आलं नाही तर ते नाव खाली ढकलायचं. यात काही शास्त्र नाही, पण चुका निघतात.

बाकीच्या, थोडक्यात

बीसीए, बीबीएला २०२४-२५ पासून सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा लागते. जूनमध्ये येऊन "बीसीए टाका" म्हणू नका. आणि "हे बीसीएसारखंच आहे, सीईटी नको" असं कोणी सांगितलं तर पदवीवर छापून काय येणार तेवढं लिहून मागा.

मुलींना फी माफ, हे अर्धवट ऐकून कॉलेज निवडलं जातं. ८ जुलै २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) आणि ओबीसी मुलींसाठी आहे, आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत. मॅनेजमेंट कोट्यातून शिरलात तर तो लागू नाही.

एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते. फळा एकच, सर बहुतेक एकच, फी मात्र वेगळी. तुमचं नाव कुठल्या तुकडीत हे पावती फाडण्याआधी विचारा.

कॉलेज बघायला ॲडमिशनच्या गर्दीत जाऊ नका. तेव्हा सगळ्यांच्याच टेबलावर फुलदाणी असते. बारावीत असतानाच, ऑगस्टातल्या एखाद्या साध्या मंगळवारी अकराला जा. प्रयोगशाळेला कुलूप आहे का बघा. दुसऱ्या वर्षाच्या पोरांशी बोला, पहिल्या वर्षाची अजून भुललेली असतात.

मूळ मार्कशीट कॉलेजात ठेवून येऊ नका. तपासून लगेच परत द्यायची असते, यूजीसीने २०१८ मध्येच तसं सांगितलंय. एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) मात्र कॉलेजं जमा करून घेतात, तिच्या चार झेरॉक्स काढूनच द्या. हे मी धंद्यासाठी सांगत नाही. बरं, थोडं धंद्यासाठीही.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या, मराठी माध्यमातून आलेल्या पोरांनी सायन्सचे तास इंग्रजीत किती आणि समजावणं मराठीत किती, हे विचारायला लाजू नये. दोन कॉलेजांत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि माहितीपुस्तकात तो छापत नाहीत.

शेवटचं. फॉर्म भरायला येताना रिचार्ज चालू असलेला मोबाईल आणा, आणि तो स्वतःचाच आणा. गेल्या वर्षी अक्कलकोटच्या एका पोराने मामाचा नंबर टाकला होता. मामा ट्रक घेऊन हैदराबाद रोडला, फोन बंद, ओटीपी तिकडं. शेवटच्या तारखेच्या रात्री पावणेबारापर्यंत आम्ही दोघं शटर अर्धं ओढून मामाच्या फोनची वाट बघत बसलो होतो.