लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना: कार्ड बघा, पण त्याआधी पोर्ट बघा

रॅम १६ जीबी, एसएसडी, हाताला बरा वाटणारा कीबोर्ड, हे कोणाला सांगावं लागत नाही. ग्राफिक्स कार्डाचं तसं नाही. लॅपटॉपमध्ये ते बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, निवड चुकली की लॅपटॉप विकेपर्यंत तेच गळ्यात. आणि कार्डापेक्षाही हमखास नजरेतून सुटतं ते म्हणजे बाहेरच्या स्क्रीनचं पोर्ट कोणत्या कार्डाला जोडलंय. मागच्या खरेदीत मी बाकी सगळं पाहिलं आणि एवढंच पाहिलं नाही, म्हणून ही यादी.

आधी ठरवा, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सशिवाय वेगळं कार्ड हवंच आहे का. ब्राउझर, कोडिंग, लिब्रेऑफिस, व्हिडिओ पाहणं एवढंच असेल तर नको. कुडावर (एनव्हिडियाच्या कार्डावर आकडेमोड करण्याची प्रणाली) चालणारं काम, ब्लेंडरमधलं रेंडरिंग किंवा जड गेम रोजचे असतील तरच घ्या. ‘पुढेमागे मशीन लर्निंग शिकेन’ हे कारण धरू नका. शिकायला लागाल तेव्हा गूगलच्या कोलॅबवर, ऑनलाइन, सुरुवात करता येते. हिशेब साधा आहे. बॅटरी ५० वॉट-तासांची आणि हलक्या कामाला ६ वॉट लागत असतील तर आठ तास निघतात. वेगळं कार्ड काहीही न करता नुसतं जागं राहून आणखी ८ वॉट खात असेल, तर तीच बॅटरी साडेतीन तासांत संपते. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतील, पण फटका असाच बसतो.

प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरणार असेल तर लिनक्सवर निम्मा त्रास तिथेच मिटतो. इंटेलचे आय-९१५ आणि एक्सई, एएमडीचा एएमडीजीपीयू, हे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. वरचा भाग मेसा ही ग्राफिक्स लायब्ररी सांभाळते, आपल्याला वेगळं काही टाकावं लागत नाही. मात्र नावाला भुलू नका. एएमडीच्या लॅपटॉपसाठीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा बघा, चिप कोणत्या पिढीची ते तोच सांगतो. ७८४० मध्ये तो ४ आहे, म्हणजे झेन ४, सोबत रेडिऑन ७८०एम. ७७३० मध्ये ३ आहे, म्हणजे जुनं व्हेगा ग्राफिक्स. ७५२० मध्ये तर २. तिन्हींवर ७००० चंच लेबल, आणि दुकानदार तिन्हींना ‘लेटेस्ट’ म्हणतो. इंटेलचं आयरिस एक्सई घेत असाल तर रॅम दोन चॅनलवर हवी, एकाच काडीवर ते रडतखडत चालतं.

चिप अगदी नवी असेल तर कर्नलही नवा लागतो. इंटेलची लूनर लेक चिप बाजारात आली २०२४ च्या सप्टेंबरात, डेबियन १२ मधला कर्नल ६.१ त्याच्या आधीचा आहे. त्या कर्नलला लूनर लेकचं ग्राफिक्स ओळखताच येत नाही. डिस्ट्रो (डेबियन, उबंटू, फेडोरा यांसारखा लिनक्सचा प्रकार) बदलायची नसेल तर एक पिढी जुनी चिप घ्या, स्वस्तही पडते.

वेगळं कार्ड हवंच असेल आणि ते एनव्हिडियाचं असेल, तर ट्युरिंग किंवा त्यापुढचं. म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून पुढे. काम नसताना कार्डाचा वीजपुरवठाच बंद करण्याची सोय त्यांच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये ट्युरिंगपासून आहे. कंपनीने २०२२ मध्ये खुले केलेले कर्नल मॉड्यूलही ट्युरिंगपासूनच चालतात. सेकंड हँडमध्ये एमएक्स १५०, एमएक्स २५० असलेले लॅपटॉप स्वस्तात दिसतील. ते ट्युरिंगच्या आधीच्या पास्कल पिढीचे आहेत, नीट झोपत नाहीत, आणि ५८० ही त्यांच्यासाठीची शेवटची ड्रायव्हर शाखा. घेऊ नका. एएमडीचं वेगळं कार्ड मिळालं तर लिनक्सला ते सोयीचं, पण तशी मॉडेलं कमीच.

आता पोर्ट. हे नीट वाचा.

दोन कार्डांच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट वेगळ्या कार्डाला जोडलेलं असतं. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालते, त्यामुळे एरवी सगळं छान. मॉनिटरची केबल लावली की वेगळं कार्ड जागं होतं आणि केबल काढेपर्यंत झोपत नाही. पंखा सुरू, बॅटरी खाली. त्यात प्रत्येक फ्रेम एका कार्डावरून दुसऱ्यावर नेली जाते, त्यामुळे कधीकधी मॉनिटरवरचा माउससुद्धा अडखळतो. मग बॅटरीसाठी तुम्ही उबंटूत प्राइम-सिलेक्ट या कार्ड निवडायच्या कमांडने फक्त इंटेल निवडता, वेगळं कार्ड पूर्ण बंद. बॅटरी सुधारते, आणि एचडीएमआय मरतं. प्रोजेक्टरला केबल लावली, समोर माणसं बसली आहेत, पडदा निळाच. मोड बदलायचा तर सगळं बंद करून रीबूट. हे कोणत्याही ड्रायव्हरने सुटत नाही, कारण ते तांब्याच्या तारेत ठरलेलं आहे.

म्हणून पोर्ट बघा. माहितीपत्रकात हे बहुधा लिहिलेलं नसतं, ‘एचडीएमआय २.१’ एवढंच असतं. त्याच मॉडेलवर लिनक्स चालवणाऱ्या कोणाला विचारा, आणि शक्य असेल तर लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरून थेट चालणारं लिनक्स) घेऊन स्वतः तपासा. सिस्टिमच्या सिस-क्लास-डीआरएम (/sys/class/drm) फोल्डरमध्ये प्रत्येक जोडणीच्या नावापुढे कार्डाचा क्रमांक असतो. आतली स्क्रीन ‘कार्ड१-ईडीपी-१’ आणि बाहेरची ‘कार्ड०-एचडीएमआय-ए-१’ अशी दिसली तर दोन्ही वेगवेगळ्या कार्डांवर आहेत. नुसत्या नावावर विसंबू नका, काही जोडण्या फक्त कागदावरच्या असतात. मॉनिटर लावा आणि त्या जोडणीची ‘स्टेटस’ फाइल उघडून ‘कनेक्टेड’ कुठे उमटतं ते बघा. दुकानदार लाइव्ह यूएसबी लावू देत नसेल तर दुसरं दुकान.

यूएसबी-सी पोर्टही असंच तपासा, प्रत्येक पोर्ट वेगळं. एखादं जरी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेलं निघालं तरी भागलं. त्याला अडॅप्टर लावून मॉनिटर चालवा, वेगळं कार्ड झोपलेलंच राहील. एकही तसं नसेल आणि तुम्ही रोज मॉनिटर किंवा प्रोजेक्टर लावत असाल तर तो लॅपटॉप सोडा. कार्ड कितीही चांगलं असो, किंमत कितीही उतरवून मिळो. पोर्ट आधी.

बायोसमध्ये मक्स स्विच (स्क्रीन कोणत्या कार्डावर चालवायची ते ठरवणारा) असेल तर हायब्रिडवर ठेवा.

घरी आणल्यावर कार्ड खरंच झोपतंय का ते बघा. पीसीआय उपकरणाच्या पॉवर फोल्डरमधली ‘रनटाइम-स्टेटस’ (runtime_status) फाइल वाचा, ‘सस्पेंडेड’ हवं. एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची माहिती दाखवणारी कमांड चालवून तपासू नका, त्यानेच कार्ड जागं होतं आणि मग तुम्ही भलतीकडे दोष शोधत बसता. पॅनलवर जीपीयूचं तापमान दाखवणारी विजेट्सही त्याच कारणासाठी काढून टाका. ट्युरिंगवर डायनॅमिक पॉवर मॅनेजमेंटचा पर्याय स्वतः चालू करावा लागतो, अँपिअरपासून (आरटीएक्स ३०) पुढे तो आपोआप चालू असतो.

बाकीचं पटकन. व्हीए-एपीआयवर (ग्राफिक्सकडून व्हिडिओ उलगडून घेण्याची सोय) व्हिडिओ हार्डवेअरमध्ये उलगडू शकतो का ते व्हीए-इन्फो या कमांडने पाहा. फेडोरावर एएमडीचं ग्राफिक्स असेल तर एच.२६४ व्हिडिओसाठी आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातलं मेसा पॅकेज लागेल. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर बूटला रोखणारी सोय) चालू ठेवून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकलात तर पुढच्या बूटला येणारा निळा पडदा घाईत ओलांडू नका, तिथे चावी नोंदवली नाही तर मॉड्यूल चढणार नाही. रात्री झाकण मिटून ठेवा, सकाळी चार्ज किती उतरला ते बघा. हे सगळं परतीची मुदत संपायच्या आत उरका, मॉनिटर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे.