विणकाम शिकवायचंय? आधी बांधावर चला

कोल्हापुरात मी मुलांना बांबू आणि पाणकणसाचं, म्हणजे पाणथळीत उगवणाऱ्या लांब पातीच्या गवताचं, विणकाम शिकवते. या कामात नव्याने येणारे हमखास विचारतात, सुरुवात कुठल्या विणीने करू? मी सांगते, विणीने नकोच, कापणीने करा. ज्याला माल ओळखता येत नाही त्याची टोपली महिन्याभरात सैल होते, आणि शिकणारं मूल हिरमुसतं.

बांबू तीन वर्षांचा तरी हवा. यंदाचा कोवळा असतो, वाळला की आक्रसतो. तोड पावसाळा सरल्यावर, थंडीत. पावसात नवे कोंब फुटत असतात, तेव्हा बेटाला हात लावायचा नाही. तोडलेला बांबू काही दिवस पाण्यात बुडवून ठेवला तर घुण कमी लागतो. आजरा-चंदगडकडे शेताच्या बांधावर माणगा जातीचा बांबू मिळतो, मालकाला विचारून घ्यावा. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू वन कायद्यात झाड म्हणून धरत नाहीत. राधानगरी अभयारण्यातलं मात्र पानही तोडू नका.

तरी मुलांच्या हाती पहिल्यांदा बांबू देऊ नये. चिरलेल्या कांबटीची कड ब्लेडसारखी कापते. पाणकणसाची पात मऊ असते, तिने हात बसतो. ती सावलीत पूर्ण वाळवायची आणि विणण्याआधी ओल्या गोणपाटात गुंडाळायची. हिरवीच विणली तर वाळताना वीण उसवल्यागत होते. पंचगंगेतली जलपर्णीही चालते, पण तिच्या देठात बहुतेक पाणीच, भाराभर आणलं तरी वाळून मूठभर उरतं. नदीत मुलांना उतरवू नका. काठावर ओढून टाकलेली घ्या, तीही हातमोजे घालून.

गोल टोपलीच्या उभ्या काड्या विषम हव्यात. सम असल्या की दुसऱ्या फेरीत पात पुन्हा त्याच काड्यांवरून जाते आणि वीण धरत नाही. हे आधी सांगून टाकू नका. सम काड्या देऊन बघा, एखादी मुलगी स्वतःच थांबून मोजायला लागते. मला शिकवण्यातला हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो.

बांबूचं चिरकाम मात्र बुरूड काकूंकडूनच, म्हणजे पिढीजात बांबूकाम करणाऱ्या बायकांकडूनच शिकावं. कोयता त्यांच्या हातात कसा वळतो ते मुलांनी जवळ बसून पाहायला हवं. त्यांना पाहुणे म्हणून हार घालून बोळवू नका, शिक्षकाचं मानधन द्या, आणि खर्चाच्या कागदावर ते पहिल्या ओळीत लिहा. लग्नसराईत सुपांची आणि नवरात्रात परड्यांची मागणी असते, तेव्हा त्यांना सवड नसते. वर्ग त्याआधीच ठरवा.