सेशनच्या आदल्या रात्री: तोंड किती, फासा किती

रविवारी राजारामपुरीत डंजन्स अँड ड्रॅगन्सचं टेबल लागणार, तर नव्या डीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी लिहितोय, आपण ह्या खेळाची फिफ्थ एडिशन खेळतो ते धरून. नकाशे-बिकाशे नंतर बघा, आधी प्रत्येकाच्या पात्राच्या शीटवरनं पर्सुएशन (पटवणं), डिसेप्शन (फसवणं), इंटिमिडेशन (धमकावणं) ह्यांचे आकडे एका कागदावर उतरून घ्या, कारण टेबलवर एक तोंडाळ गडी असतोयच, पात्राचा करिश्मा (बोलण्याची छाप) नुसता ८ ठेवून नुसत्या गप्पांवर राजाकडनं किल्ला लिहून घेतोय आणि पर्सुएशन +७ वाली बार्ड (गाण्या-बोलण्यात तरबेज पात्र) शेजारी गप्प बसलेली. तिनं "मी राजाला पोराची आठवण करून देते" एवढं म्हटलं तरी बास, पुढचं फासा बघतोय. पैलवान खेळणाऱ्याला आपण टेबलवर जोर काढायला लावतो काय?

मग एनपीसीचं, म्हणजे डीएम स्वतः चालवतो त्या पात्राचं कार्ड, ह्याला वेळ द्या. समजा मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या, पार्टीला (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला) पाहिजे गोदामाची किल्ली. त्याला काय पाहिजे: चोरीला गेलेल्या गुळाच्या रव्यांचा छडा. कशाला घाबरतोय: भागीदाराला कळेल म्हणून. काय मेला तरी देणार नाही: हिशेबाची वही. वहीसाठी फासाच नाही, आणि हे आधीच सांगून ठेवा, नॅचरल २०, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावरच २०, आला की पोरं लई नाचतात, पण रूलबुकात तो आपोआप यश देतो ते हल्ल्याला, स्किल चेकला (असल्या पटवापटवीच्या फाशाला) नाही.

किल्लीचा डीसी, म्हणजे फासा अधिक शीटवरचा आकडा मिळून गाठायचा अंक, १५ धरा. कुणी चोर शोधून देतो म्हणालं तर ॲडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून मोठा धरायचा) द्या, +५ वाल्याचा चान्स ५५ टक्क्यांवरनं ८० च्या आसपास जातोय, म्हणजे मुद्द्याला वजन आलं आणि फासापण कामाला राहिला. आवाज काढून भारी ॲक्टिंग केली म्हणून मात्र नको, त्याला टाळ्या वाजवा.

फेल झाल्यावर काय हे आत्ताच लिहा, नुसतं "नाही" म्हटलं की सीन तिथंच मेला. किल्ली देतोय पण स्वतःचा माणूस मागं लावतोय, असं कायतरी. भाषण झकास आणि फाशावर ३ पडले तर भाषण वाईट ठरवू नका, नेमका भागीदार दारात आला म्हणा.

पॅसिव्ह इनसाइट (फासा न टाकता समोरच्याचं खोटं ओळखायचा आकडा), म्हणजे १० अधिक शीटवरचा इनसाइटचा मॉडिफायर, तेपण टिपून ठेवा, नाहीतर अडत्यानं तोंड उघडलं की प्रत्येकजण फासा उचलतोय.

आणि पार्टीतल्या पार्टीत पर्सुएशन रोल बंद. एकमेकांना पटवायचं तर बोलून पटवा, मी तेवढ्यात चहा सांगतो.